कर्फ्यू लागला, पण ओलित कोण करणार?

कर्फ्यू म्हटलं की टीव्हीवाले रिकामा रस्ता दाखवतात. बंद शटर, एखादं कुत्रं, कोपऱ्यावर खुर्ची टाकून बसलेला होमगार्ड. आता आमच्या गावचा रस्ता रात्री आठनंतर बाराही महिने असाच दिसतो, फक्त होमगार्ड नसतो. पानठेला साडेसातला बंद, शेवटची एसटी दिवस असतानाच निघून गेलेली, लाइन असली तर सिरियल नाहीतर झोप. म्हणून नागपूरला नाहीतर अमरावतीला कर्फ्यू लागल्याची बातमी आली की पारावरचे म्हातारे म्हणतात, "मंग का झालं बाप्पा, आपल्या इथं तं रोजच हाय."

सगळे हसतात, मीही हसतो. पण ते अर्धंच खरं आहे. रस्ता रिकामा असला तरी माणसं घरात नसतात, वावरात असतात. कोणी हरबऱ्याला ओलित करायला, म्हणजे पाणी द्यायला, मोटारीपाशी, कोणी डुकरं आणि रोही (नीलगाई) हाकलायला जागलीला, कोणी बटईच्या वावरात तुरीची राखण करत. जिल्हा यवतमाळ, गावाला लागून जंगल. इथं रात्री बाहेर असलेला माणूस फिरायला निघालेला नसतो, आणि कर्फ्यूचा हुकूम लिहिणाऱ्याच्या डोळ्यापुढं मात्र नेहमी फिरायला निघालेला माणूस असतो असं मला वाटत आलंय.

हुकूम निघतो कसा, ते थोडक्यात सांगतो, कारण ग्रुपवर लोक जमावबंदी आणि संचारबंदी एकाच डब्यात टाकून फॉरवर्ड करतात. आधी सीआरपीसीचं कलम 144 होतं, 1 जुलै 2024 पासून नवीन कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, ते 163 झालं. पण गावात अजूनही "एकशे चव्वेचाळीस लागली" असंच म्हणतात आणि पुढची वीस वर्षं तरी म्हणतील. या कलमाखाली कलेक्टर, एसडीओ किंवा अधिकार दिलेला दुसरा कार्यकारी दंडाधिकारी लोकांना अमुक करू नका असा हुकूम देऊ शकतो, शहरात पोलीस कमिशनर असेल तर तो देतो. पाच किंवा जास्त लोक एकत्र येऊ नका म्हटलं तर जमावबंदी, घराबाहेरच पडू नका म्हटलं तर संचारबंदी. हुकूम दोन महिन्यांच्या वर चालत नाही, सरकारनं खास वाढवला तर आणखी सहा महिने. मोडला तर गुन्हा, पहिले 188 खाली व्हायचा, आता 223 खाली होतो. बस. एवढ्या छोट्या कलमावर अख्खं शहर घरात बसवता येतं.

आमच्या पिढीनं खरा कर्फ्यू पाहिला तो कोरोनातच. 22 मार्च 2020, रविवार, सकाळी 7 ते रात्री 9 जनता कर्फ्यू, संध्याकाळी पाचला लोकांनी ताटं वाजवली आणि आमच्या शेजारच्या कोठ्यातला एक गोऱ्हा त्या आवाजानं दावं तोडून पळाला, ते शोधायला चार पोरं कर्फ्यूत गावभर. दुसऱ्या दिवशी राज्यात संचारबंदी, 25 पासून देशच बंद. गावात कोतवालानं डोंडी दिली, ग्रामपंचायतीचा भोंगा वाजला आणि संध्याकाळपर्यंत पोरांनी शिवेवर बोराटीच्या काट्या टाकून एक मोडकी बंडी आडवी लावली, वर पाटी, "बाहेरच्यांना प्रवेश बंद".

आता बाहेरचे म्हणजे कोण? पहिल्या आठवड्यात जे आले ते सगळे गावचेच. तेलंगणात मिरची तोडायला गेलेले, पुण्यात कंपनीत असलेले, काही पायी आलेले. काट्यांच्या अलीकडं भाऊ, पलीकडं भाऊ. त्यांना शाळेत ठेवलं, डबा घरून जायचा, देणारा लांबूनच ठेवून मागं सरकायचा. पोलिसांच्या कर्फ्यूला वेळ होती, सूट होती, पास होता, पण गावानं लावलेल्या कर्फ्यूला यातलं काहीच नव्हतं, काट्या कोण उचलणार तेही ठरलेलं नव्हतं. पोलिसांच्या काठीपेक्षा मला त्या पाटीची जास्त भीती वाटली होती, खरं सांगतो.

शेतीकामाला केंद्रानं 27 मार्चलाच सूट दिली होती. कागदावर. तो कागद फाट्यावरच्या शिपायापर्यंत पोचायला त्याचा वेळ लागला. आमच्या इथला एक शेतकरी, उन्हाळवाहीचे दिवस, लोहाराकडून वखराची पास, म्हणजे त्याचं लोखंडी पातं, पाजवून घेऊन सायकलवर चाललेला. शिपायानं अडवलं, "कुठी चालला बे? पास हाय का?" यानं पिशवीतून दीड-दोन हात लांब लोखंडी पास काढून पुढं धरली, "हे काय साहेब, हाय ना पास." शिपाई वऱ्हाडातलाच होता, पोट धरून हसला आणि सोडलं. पुढच्या खेपेला दुसरा शिपाई होता, त्याला वखर माहीत नव्हता, त्याला ते हत्यार वाटलं आणि ती पास चौकीत जमा झाली. गावात हा किस्सा अजून सांगतात आणि प्रत्येक वेळी पास थोडी लांब होते.

पण त्या उन्हाळ्यातलं हसण्यासारखं एवढंच. बाकी सगळा कापूस होता. मार्चमध्ये खरेदी बंद झाली तेव्हा निम्म्या गावाचा कापूस घरातच होता, भाव वाढेल म्हणून ठेवलेला नाहीतर नंबर लागला नाही म्हणून राहिलेला. लांब धाग्याचा हमीभाव त्या साली क्विंटलला 5,550 रुपये होता, पण घ्यायला केंद्रच उघडं नाही तर त्या आकड्याचं काय करायचं. आणि "घरात बसा" म्हणणाऱ्याला हे माहीत नसतं की आमच्याकडं एप्रिलमध्ये घरात कापूस बसलेला असतो. खालची खोली आढ्यापर्यंत भरलेली, उकाड्यात त्यात किडे होतात, अंगाला खाज सुटते, लेकरांच्या मानेवर आणि कोपराच्या आत लाल पुरळ. आम्ही सगळे सपरीत झोपायचो, दाराच्या फटीला जुनं लुगडं कोंबून. माझी माय रोज कडुलिंबाचा पाला उकळून नातवांना आंघोळ घालायची आणि म्हणायची, "घरात राहा म्हणते सरकार, घरात जागा तं पाह्यजे." पुढं खरेदी सुरू झाली तीही दिवसाला मोजक्याच गाड्या घेऊन, टोकन लावून, कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर आला तर. जून लागला तरी काहींचा कापूस घरातच होता आणि बियाण्याचे पैसे त्याच कापसात अडकलेले. कर्फ्यूनं आमच्या गावात कोरोना किती थांबवला ते डॉक्टर लोकांनी सांगावं, पण कोणाकडं सावकार आला आणि कोणाकडं नाही हे त्या कापसानं ठरवलं, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं.

(खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, मात्र मिळत होता. कुठून येत होता ते लिहीत नाही, माणूस अजून धंद्यात आहे.)

म्हणजे कर्फ्यू वाईटच असं मी म्हणतोय का? नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये अमरावतीत 12 आणि 13 तारखेला जे झालं, मोर्चे, बंद, दगडफेक, त्यानंतर शहरात कर्फ्यू लागला, इंटरनेट बंद झालं. मार्च 2025 ला 17 तारखेच्या रात्री नागपुरात महालकडं गाड्या जाळल्या, दगडफेक झाली, 11 पोलीस ठाण्यांच्या हद्दीत कर्फ्यू लागला, मग हळूहळू ढील देत आठवड्याच्या आत उठला. माझा भाचा तिकडंच रूम करून राहतो, स्पर्धा परीक्षावाला. पहिल्या रात्री फोनवर त्याचा आवाज कापत होता. खाली पळापळ, वर गच्चीवर पोरं मोबाईल धरून, आणि ग्रुपवर एकामागं एक मेसेज, इकडून इतके आले, तिकडं अमुक झालं, त्यातलं निम्मं खोटं. दुसऱ्या दिवशी तोच म्हणाला, "मामाजी, कर्फ्यू लागला ते बरं झालं, नाईतं आज अजून पेटलं असतं." मेस बंद, दुकानं बंद, डब्यातल्या मुरमुऱ्यांवर काढलं पोरानं, तरी म्हणाला बरं झालं. त्याचं ऐकून मला पटलं. गर्दी आणि अफवा या दोन गोष्टींना एकमेकांपासून तोडायचं असेल तर पहिले एक-दोन दिवस याच्याइतकं चालणारं काही नाही.

पण ते डीपीवरचा, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा, फ्यूज काढून ठेवण्यासारखं आहे. तार ठिणग्या टाकत असली की पहिले फ्यूज ओढायचा, बरोबर. मग तार दुरुस्त करायची का फ्यूज खिशात घालून घरी जायचं? आमच्याकडं बहुतेक वेळा खिशात जातो. आठवडाभरानं ढील मिळते, दुपारी दोन तास बाया भाजीला बाहेर पडतात, पेपरात "जनजीवन पूर्वपदावर" असं छापून येतं आणि कोणाची गाडी कोणी जाळली याची केस वर्षानुवर्षं तारखांवर. सुप्रीम कोर्टानं जानेवारी 2020 मध्ये काश्मीरच्या केसमध्ये, अनुराधा भसीन यांच्या, सांगून ठेवलंय की 144 चे हुकूम लोकांसमोर प्रसिद्ध करावे लागतील, त्यामागं कारण लागेल, बंदी धोक्याच्या मापाची लागेल आणि तेच ते हुकूम पुन्हापुन्हा काढत राहणं म्हणजे अधिकाराचा गैरवापर. वाचायला चांगलं वाटतं. तालुक्याच्या नोटीस बोर्डावर आजही सणासुदीला तोच मजकूर तारीख बदलून लागतो.

आणि कर्फ्यू सगळ्यांना सारखा असतो हा आणखी एक गैरसमज. काही लोकांना तो जन्मापासून होता. आमच्या गावाच्या वरच्या अंगाला पारधी बेडा, म्हणजे पारध्यांची वस्ती, आहे. 1871 मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा आणला, नंतर तो वाढवत नेला, आणि त्यात ज्या जमाती टाकल्या त्यातल्या माणसानं काही केलेलं असो नसो, त्याचं नाव रजिस्टरला. हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर परवानगी काढायची, रात्री जागेवर सापडला नाही तर तोच गुन्हा. हा कायदा 1952 च्या ऑगस्टमध्ये रद्द झाला, म्हणून 31 ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात. बेड्यावरचा एक म्हातारा मला सांगत होता की त्याचा बाप मरेपर्यंत दिवस बुडायच्या आत परत यायचा, बाजारातलं काम अर्धवट सोडून. कायदा जाऊन किती वर्षं झाली होती तरी. "कोनी इचारत नोतं जी, पन पाय वयत होते घराकडं." आजही गावात मोटार चोरीला गेली की पहिली गाडी बेड्यावर जाते. कायदा गेला, पण लोकांच्या डोक्यातला हुकूम अजून उठलेला नाही.

पोरींचंही तसंच, फक्त त्याला कोणी हुकूम म्हणत नाही. दिवेलागणीच्या आत घरी. आमच्या भागात ते एसटीच ठरवते म्हणा. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातल्या, पोरींना शाळेत नेणाऱ्या निळ्या एसटी गाड्या आल्या तेव्हापासून पोरी आठवीच्या पुढं शिकायला लागल्या हे मान्यच, पण गाडी शाळेच्या टायमाची. तालुक्याच्या अभ्यासिकेत सात वाजेपर्यंत बसायचं तर परत कशानं यायचं? पोरगा कोणाच्याही गाडीवर मागं बसून येतो, पोरगी साडेपाचलाच पुस्तक मिटते. भरतीची परीक्षा दोघांना एकच. 2022 मध्ये केरळच्या हायकोर्टात कोझिकोडच्या मेडिकल कॉलेजच्या पोरी गेल्या होत्या, होस्टेलचं गेट रात्री साडेनऊला बंद व्हायचं म्हणून, तेव्हा कोर्टानं विचारलं की कोंडून पोरींनाच का ठेवता. माझ्या बायकोला ही बातमी वाचून दाखवली तर ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "साडेनऊ? आमाले तं साडेसहालेच सासू अंगनात उभी दिसे." आणि माय तिथंच तांदूळ निवडत बसलेली. मी विषय बदलला.

यवतमाळमधलंच अजून एक. पुसद तालुक्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीनं 2022 मध्ये 18 वर्षांखालच्या पोरांना मोबाईल वापरायची बंदी घातली, पार टीव्हीवर आलं. त्याच साली सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावला संध्याकाळी सातला भोंगा वाजायचा आणि दीड तास घरोघरी टीव्ही-मोबाईल बंद. मला दुसरं जास्त पटतं, कारण त्यात मोठेही बंद. ज्या बंदीत बंदी घालणारा स्वतः मोकळा असतो ती पोरं बरोबर ओळखतात आणि मोडतात.

आता वाघ. 2018 साली राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात टी-1 वाघीण, जिला पेपरवाले अवनी म्हणायचे, तिच्या नावावर 13 माणसं होती. 2 नोव्हेंबरच्या रात्री बोराटीच्या जंगलात तिला गोळी घातली, त्यावरून देशभर वाद झाला, ती मारायला पाहिजे होती का नव्हती. तो वाद मी इथं उकरत नाही. पण त्या दिवसांत त्या गावांनी जो कर्फ्यू पाळला तो कोणत्या कलेक्टरनं लावलेला नव्हता. गुरं दुपारीच परत, वेचाईला बाया टोळीनं, एकीनं वेचायचं तर एकीनं डबा वाजवत उभं राहायचं, मजुरी एकीचीच. धुऱ्याकडची, म्हणजे बांधाकडची, पऱ्हाटी (कपाशी) तशीच फुटून उभी राहिली, कोणी हात लावायला गेलं नाही. वनखातं अजूनही जंगलकाठच्या गावांना तेच सांगतं, अंधार पडल्यावर एकट्यानं वावरात जाऊ नका, मोहफुलं वेचायला पहाटे जाऊ नका, वाकून बसलेला माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो. सगळं बरोबर आहे. मी स्वतः लोकांना हेच सांगतो.

फक्त त्याच आठवड्यात लाइनचं वेळापत्रक लागतं. शेतीची थ्री फेज काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळी आली की मोटार चालू करायला रात्री दहा-अकराला निघायचं, कारण हरबऱ्याला पाणी फुलोऱ्याच्या आधी पाहिजे, ते पंचांग थांबत नाही. हातात बॅटरी, खांद्यावर काठी, मोबाईलवर गाणं मोठ्यानं लावलेलं, वाघाला चाहूल लागावी म्हणून. ऑटोस्विच लावा म्हणतात, लावलेत बऱ्याच जणांनी, पण मोटार आपोआप चालू होईल, बारं कोण बदलवणार? पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीत वळवायला माणूस लागतोच. स्प्रिंकलर असेल तर पाइप उचलून पुढं न्यायला तर दोन लागतात. म्हणजे एक खातं सांगतं रात्री निघू नको, दुसरं सांगतं निघालास तरच पाणी. दोन्ही कागद ग्रामपंचायतीच्या एकाच बोर्डावर, एकमेकांवर टाचणी मारून.

हे मी झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्यातल्या, एका मित्राला सांगत होतो, ब्रह्मपुरीकडचा. तो नाटकांच्या सीझनचं सांगायला लागला. दिवाळीनंतर होळीपर्यंत तिकडं नाटकं चालतात, वडसा गावच्या नाटक कंपन्या, रात्री दहा-अकराला पडदा उघडतो तो उजाडेपर्यंत. मी विचारलं, एवढं लांब कशाला, तीन तासात आटपा ना. तर तो म्हणाला की म्हातारे लोक सांगतात, आजूबाजूच्या गावचे लोक जंगलातून बंडीनं यायचे, मध्यरात्री नाटक संपवलं तर परत जातील कसे? म्हणून सकाळपर्यंत ओढायचं, गाणी टाकायची, लेकरं तिथंच सतरंजीवर झोपायची, आणि दिसायला लागलं की सगळे सोबत निघायचे. रात्री जंगलातून जाऊ नका असं त्यांनाही सांगायचंच होतं. पण त्यांनी नुसतं सांगितलं नाही, मंडपाखाली बसायची जागा दिली आणि सोबत एक खलनायक दिला.

ही गोष्ट मी मागच्या ग्रामसभेत सांगितली आणि रात्रीच्या ओलितावर एक ठराव घ्या म्हटलं. लोकांना नाटकाचं आवडलं, ठरावाचं कोणी मनावर घेईना, शेवटी उपसरपंच बाई म्हणाल्या लिहा तर खरं. म्हणून ठराव लिहिला: जंगलाला लागून असलेल्या वावरांच्या फीडरला वर्षभर दिवसाचीच थ्री फेज द्यावी, आणि जोपर्यंत ती देत नाही तोपर्यंत रात्री वावरात जाऊ नका असा फलक गावात लावायचा असेल तर त्याखाली त्या रात्रीचं ओलित कोण करणार त्याचं नाव लिहावं. ग्रामसेवक म्हणाले दुसरं वाक्य काढा, साहेब चिडतील. सभेनं ते काढलं नाही. एक प्रत वनखात्याला, एक लाइनच्या ऑफिसला, एक तहसीलला. वनखात्याच्या गार्डानं येऊन सही करून नेली आणि म्हणाला बरोबर लिहिलं भाऊ. लाइनच्या ऑफिसातून उत्तर आलं की मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत आपल्या फीडरचं काम प्रस्तावित आहे, तोपर्यंत वेळापत्रकाप्रमाणे सहकार्य करावे. वेळापत्रक सोबत जोडलं होतं. सोमवारपासून रात्रीची आहे.